नखाची खूण

"कडेला धर, कडेला. नख लागतं."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते एका लग्नपत्रिकेवरून. आम्ही बदलापूरला मांजर्लीत नवेच राहायला आलो होतो आणि भावाच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी शेजारी गेले. शेजारच्या काकांनी ती दोन कोपऱ्यांना चिमटीत धरली, खिडकीसमोर उंच केली आणि एक डोळा बारीक करून तिच्या आरपार पाहिलं. मजकूर वाचलाच नाही. मग माझ्या हातातला बाकीच्या पत्रिकांचा कसाबसा धरलेला गठ्ठा बघून त्यांना राहवेना, म्हणून हे वाक्य. मी मनात म्हटलं, चला, शेजार तर झकास मिळालाय.

माणूस हललेला नव्हता. एक्स-रे टेक्निशियन होता. पंचवीस वर्षं ओल्या फिल्मा कडेला धरून उजेडात बघितल्यावर हाताला दुसरं काही येतच नाही. लाइटचं बिल, रेशनकार्ड, गल्लीतल्या पोरांच्या मार्कशिटा, सगळं आधी उजेडात. काकी पापड लाटायला बसल्या की एखादा पापडसुद्धा. "मधे जाड राहिलाय," असा रिपोर्ट द्यायचे आणि काकी लाटणं उगारायच्या. तुमच्या ओळखीत एखादा शिंपी असेल तर बघा, बोलताना तो तुमच्या तोंडाकडे कमी आणि खांद्याकडे जास्त बघतो. त्यातलाच हा प्रकार.

जुन्या फिल्मा ते धुऊन शेजारपाजारी वाटायचे. कंदिलाला, वह्यांच्या कव्हराला, फुटक्या काचेच्या जागी. आमच्या न्हाणीघराच्या खिडकीला लावलेली फिल्म नीट धुतली गेली नव्हती. रोज सकाळी दात घासताना मला कुणाच्या तरी डाव्या बरगड्या दिसायच्या. आई म्हणायची, कोण आहे कोणास ठाऊक, पण रोजचाच झाला आता, एक दिवस चहा विचारू त्याला.

काकांचं काम उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये. खाली जीन्स शिवायचा कारखाना आणि वर लाकडी माळ्यावर एक्स-रेची खोली, डॉक्टरांची केबिन आणि डार्करूम. खालची मशीनं सुरू असली की माळा थरथरायचा आणि फोटो हलायचा. त्यावर काकांनी आपली एक रीत बसवली होती. पेशंटला उभं केलं की लोखंडी सळईने जमिनीवर दोनदा ठोकायचे. टक टक. खालची सगळी मशीनं थांबायची. मग वर काका म्हणायचे, "साईं, लंबी साँस लो. रोको." बटण दाबायचे. "छोडो." आणि सळई एकदा. टक. खाली मशीनं परत सुरू. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, एका म्हाताऱ्याच्या छातीसाठी अख्ख्या इमारतीने श्वास रोखलाय.

खाली त्या कारखान्यात काकी बसायच्या. पँटींचे दोरे कापायला, बटणं लावायला. सकाळी दोघं बरोबर निघायची, स्टेशनवरून शेअर रिक्षाने बरोबर कॅम्पात पोहोचायची, आणि मग दिवसभर एक वर, एक खाली. काकी मला म्हणायच्या, "दिवसातून वीस वेळा तरी ठोकतात. तेवढं ऐकलं की कळतं, बाबा आहे वर."

मी उल्हासनगरलाच एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होते आणि पुण्याच्या एका सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, सुरुवातीची. माझा विषय सांगितला की लोक घड्याळाकडे बघायचे. तुम्ही बघू नका, दोन मिनिटांचं काम आहे. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा शेकडो दीर्घिका एकमेकींच्या ओढीने जिथे गोळा झालेल्या असतात, तो दीर्घिकांचा समूह. त्यांच्या मधल्या जागेत वायू भरलेला असतो आणि तो इतका तापलेला असतो की त्यातून क्ष-किरण बाहेर पडतात. शिवाय समूहाचं वजन एवढं अफाट की मागच्या एखाद्या दीर्घिकेचा प्रकाश त्याच्या जवळून येताना वाकतो, आणि ती मागची दीर्घिका आपल्याला ताणलेल्या कमानीसारखी दिसते. समूहच भिंग होतो. क्ष-किरणांवरून समूहाचं वजन काढायचं, कमानीवरून तेच वजन पुन्हा काढायचं आणि दोन्ही जुळतात का बघायचं. एवढंच काम. एवढंच म्हणते, पण त्यात माझी सहा वर्षं गेली.

क्ष-किरण हा शब्द ऐकला आणि काकांनी खुर्ची पुढे ओढली. पेशंट कोण, मशीन कुठं, फिल्म कुणाची, सगळं विचारलं. मी सांगितलं, मशीन नाही, किरण पेशंटमधूनच निघतात, आणि आपली हवा ते अडवते म्हणून उपग्रहावरून बघावं लागतं. हवा अडवते हे त्यांना फारच आवडलं. म्हणजे सगळ्या पृथ्वीने शिशाचा एप्रन घातलाय, असं काकींना दोनदा सांगून झालं. मग जरा विचार करून म्हणाले, "त्याला श्वास रोखायला कोण सांगतं?"

मी म्हटलं, "काका, वजन काढताना आम्ही धरूनच चालतो की त्याने श्वास रोखलाय. वायू शांत आहे, आत ढवळाढवळ काही नाही."

"धरून चालता?"

"हो."

"विचारलं नाही त्याला?"

मी हसले. आता हसू येत नाही, पण तेव्हा पोट धरून हसले होते.

सरांनी मला परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीतून काढलेल्या एका समूहाच्या फोटोची फिल्मवरची निगेटिव्ह प्रत दिली होती. ती उजेडावर ठेवून बघायला माझ्याकडे होतं काय? कॉलेजात तर ट्यूबलाइटचीसुद्धा मारामार. म्हणून मी ती कॅम्प तीनला घेऊन गेले, एक्स-रे बघायच्या काकांच्या पेटीवर लावायला. समूहाच्या मध्याजवळ एक बारीक काळी कमान दिसत होती. माझा सगळा जीव त्या कमानीत. काकांनी भिंग लावून बघितलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला.

"नख."

मी वाद घातला तर ते मला डार्करूममध्ये घेऊन गेले. लाल दिव्यात एक वाया गेलेली फिल्म काढली, अंगठ्याने जरा वाकवली आणि औषधात बुडवली. बाहेर आली तेव्हा तिच्यावर चंद्रकोरीच्या आकाराची काळी कमान होती, हुबेहूब माझ्या कमानीसारखी. फिल्म हाताळताना वाकली, अंगठ्याच्या नखाचा दाब पडला की अशी खूण उठते. फोटो काढायच्या आधी वाकली तर पांढरी, नंतर वाकली तर काळी. पंचवीस वर्षांत अशा हजार बघितल्या, म्हणाले.

मग ओळखायचं कसं? काकांकडे त्याच्या दोन रीती होत्या. फिल्म तिरपी धरायची. नख लागलेलं असेल तर वरच्या थरावर खड्डा दिसतो, एका क्षणात कळतं. पण माझी होती नक्कल, मूळ फिल्म साता समुद्रापलीकडे, त्यामुळे तिरपी धरून उपयोग नव्हता. मग दुसरी रीत. "दुसरी काढ. दोन्हीवर दिसलं तर पेशंटमध्ये आहे. एकीवरच दिसलं तर आपल्या बोटात आहे."

मी सरांना पत्र लिहिलं. वेगळ्या दिवशी घेतलेला त्याच समूहाचा दुसरा फोटो आहे का, एवढंच. सरांनी तिकडे लिहिलं. चार महिने मी त्या पत्राच्या उत्तरावर जगले. काका रोज संध्याकाळी दारातून विचारायचे, "बोटात की पेशंटमध्ये?" मी चिडायचे. ते खूष व्हायचे.

दुसरी फिल्म आली ती एका शनिवारी. दुपारी मी धावतच माळा चढले. दोन्ही फिल्मा शेजारी शेजारी पेटीवर लावल्या. कमान दोन्हीवर होती, त्याच जागी, तेवढीच. काकांनी बराच वेळ बघितलं आणि दोन्ही कान धरले. "आकाशाला नख लागत नाही, हे मला कळायला हवं होतं." डॉक्टरांना केबिनमधून बोलावून दाखवलं, पेशंटना दाखवलं. एका सिंधी आजींनी विचारलं, किसका फोटो है? काका म्हणाले, बहुत बडे आदमी का.

मी त्या दिवशी जमिनीवर नव्हते. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं त्यामुळे झालं.

काकींना महिनाभर खोकला होता. कारखान्यात कापडाची रुई उडते, निळा बुक्का नाकातोंडात जातो, तिथे सगळ्याच बाया खोकायच्या. काकांनी त्याच दुपारी त्यांना वर बोलावलं, छातीचा फोटो काढून टाकू म्हणून. काकी लाजत आल्या. पंधरा वर्षं खालून ऐकत होत्या, वर उभ्या पहिल्यांदाच राहत होत्या. काकांनी टक टक केलं, खाली मशीनं थांबली आणि काकी मला म्हणाल्या, "बघ गं, माझ्यासाठी थांबले." काका म्हणाले, "बोलू नको. श्वास घे. रोक."

फिल्म धुऊन ते बाहेर आले. ओलीच होती, कोपऱ्यांना पकडून पेटीसमोर धरली. डाव्या हंसळीच्या, गळ्याखालच्या आडव्या हाडाखाली एक बारीक कमान होती. काका थांबले. मीही बघितली. त्यांनी फिल्म जरा जवळ घेतली आणि म्हणाले, "दुसरी काढू का?"

ते मला विचारत नव्हते, स्वतःशीच बोलत होते. पण उत्तर मी दिलं.

"काय काका, एकदा हरलात म्हणून आता प्रत्येक नखाला घाबरणार का?"

काकी हसल्या. मग काकाही हसले. आज दिवसच नखाचा दिसतोय, म्हणाले. वाळल्यावर तिरपी धरून बघतो, असंही म्हणाले. तेवढ्यात हात मोडलेला एक माणूस आला, त्याच्या मागे आणखी दोघं आले. सळई एकदा वाजली, खाली मशीनं सुरू झाली, काकी जिना उतरून गेल्या. फिल्म वाळली आणि पाकिटात गेली. डॉक्टर काकांच्या शब्दाबाहेर नव्हते. नख म्हटलं तर नख. रिपोर्टवर नॉर्मल लिहिलं आणि सही केली.

त्या एका शब्दाने काय केलं ते सांगते. खोकला औषधाने थोडा कमी व्हायचा, परत यायचा. कुणी विचारलं की काकी सांगायच्या, प्लेट नॉर्मल आहे. आईने दोनदा म्हटलं, बाई, मोठ्या दवाखान्यात दाखव. काकी म्हणाल्या, अहो घरचाच फोटोवाला, त्याने बघितलंय ना. वजन उतरलं तर म्हणे रिक्षाने हाडं खिळखिळी झाली. मी शेजारीच राहत होते. मीसुद्धा म्हणायचे, काकी, प्लेट नॉर्मल आहे, काळजी नको. सात-आठ महिने आम्ही सगळे त्या नॉर्मलच्या भरवशावर राहिलो.

मग एके सकाळी नळावर पाणी भरताना काकींच्या तोंडातून रक्त आलं. काकांनी त्यांना तसंच कॅम्प तीनला नेलं. मी कॉलेज सोडून मागोमाग गेले. नवी फिल्म पेटीवर लागली होती. जिथे कमान होती तिथे आता पूर्ण गोल होता, लिंबाएवढा, आणि आत पोकळी. टीबी. तेव्हाची ती कमान म्हणजे त्याच पोकळीची एक कड होती. काका पेटीकडे बघत उभे होते. मी दारातच थांबले.

औषधं सुरू झाली. टीबी बरा होतो, हे मलाही ठाऊक होतं, तुम्हालाही ठाऊक आहे. पण फुप्फुस फार पोखरलं गेलं होतं. चार महिने बरं वाटत होतं, काकी भात खायला लागल्या होत्या, मला पापडाच्या पिठाचं प्रमाण सांगत होत्या. आणि पुन्हा एका सकाळी रक्त आलं ते थांबलं नाही. अंबरनाथच्या दवाखान्यात पोहोचायच्या आधीच रिक्षात गेल्या.

बुद्धविहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. लोक पांगले तेव्हा काका पायरीवर बसले होते. मी शेजारी बसले. महिनाभर मी एक वाक्य मनात जुळवत होते आणि ते तोंडातून निघत नव्हतं. त्यांनीच मला विचारलं, "तुझ्या समूहाचं वजन जुळलं का?"

मला रडू फुटलं. मी म्हटलं, नाही जुळत. कमान सांगते त्याच्या निम्मंच वजन क्ष-किरणांवरून येतं. सर म्हणतात, आपण वायू शांत धरला तिथेच चुकलं असेल. कदाचित ते दोन समूह आहेत, एकमेकांवर आदळतायत, आत सगळं खवळलेलं आहे, आपल्याला लांबून शांत दिसतं.

काकांनी मान हलवली. "ती पण शांतच होती गं. खोकला आला की तोंडात पदर कोंबायची, माझी झोप मोडू नये म्हणून. मी धरून चाललो." मग म्हणाले, "विचारलं नाही तिला."

"काका, त्या दिवशी मीच म्हणाले की..."

"प्लेट माझ्या हातात होती," ते म्हणाले. आवाज चढला नाही. पण पुढचं त्यांनी मला बोलू दिलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतर कधीच नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

त्यानंतर काका प्रत्येक पेशंटचे दोन फोटो काढायला लागले. हाताचं हाड असो, गुडघा असो, छाती असो. डॉक्टरांनी समजावलं, मग रागावले, फिल्म काय फुकट येते का म्हणून. काका हो म्हणायचे आणि दुसरी काढायचे. प्रत्येक वेळी टक टक, मशीनं बंद, टक, मशीनं चालू, पुन्हा टक टक. खालचा सेठ वर येऊन भांडून गेला. कॅम्पात लोक त्यांना दो-फोटोवाला म्हणायला लागले, आणि काही जण हसायचे. एकाशी मी भर बाजारात कडाकडा भांडले. त्याला बिचाऱ्याला काही कळलंच नाही.

मला कॉलेजात कायम करताना छातीचा फोटो हवा होता. काकांनी काढला. दुसराही काढला. दोन्ही पेटीवर लावले, मग एकेक खाली घेऊन खिडकीशी तिरपा धरला. खूप वेळ लावला. शेवटी म्हणाले, "काही नाही तुझ्यात. जा." मी जिना उतरले आणि खालच्या कारखान्याच्या दारात उभी राहून रडले. काकींच्या जागेवर दुसरी बाई बटणं लावत होती.

वर्षभराने डॉक्टरांनी त्यांना काढलं. नवीन माणूस ठेवला, तो एकच फोटो काढायचा. त्याच पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी मांजर्लीत घुसलं, काकांच्या घरात कंबरभर. पाणी उतरल्यावर ते अंबरनाथला मुलीकडे राहायला गेले. जाताना भांडी, कपडे चिखलातच टाकले. एक प्लास्टिकची पिशवी तेवढी काखेत घट्ट धरली होती. माझा प्रबंध पुरा झाला तेव्हा मी त्यांना भेटायला गेले. माझ्या समूहाची दोन्ही वजनं शेवटपर्यंत जुळली नव्हती आणि मी ती तशीच, न जुळलेली लिहिली होती. काकांनी प्रबंधाचं एक पान कोपऱ्यांना धरून खिडकीसमोर उंच केलं. माझा अंगठा पानाच्या मधोमध होता, तो त्यांनी हळूच उचलून कडेला ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. झोपेत, फारसा त्रास न होता. दहा-बारा दिवसांनी त्यांची मुलगी आमच्याकडे आली. बाबा म्हणाले होते मास्तरणीला दे, एवढं बोलून तिने ती प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात दिली. आत एक पाकीट होतं, कॅम्प तीनच्या दवाखान्याचं. त्यावर काकींचं नाव आणि त्या शनिवारची तारीख होती.

ती गेल्यावर मी फिल्म बाहेर काढली. कडेला धरली. खिडकीसमोर उंच केली. हंसळीच्या हाडाखाली ती कमान तशीच होती, बारीक आणि स्वच्छ. मग मी फिल्म तिरपी केली, त्यांनी शिकवली होती तशी. कडा चारही बाजूंनी झिजून पांढऱ्या पडल्या होत्या, चिमटीत धरून धरून. काका तिला किती वेळा असं धरून बसले असतील, ते मी मोजू शकत नाही. मधला भाग मात्र नवा कोरा होता. कमानीच्या जागी खड्डा नव्हता. कुठेही, एकाही जागी, नख लागलेलं नव्हतं.